चिनी मातीचीं घड्याळें : कोंदण आणि यंत्र

छंद म्हटला कीं पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं आणि आगपेट्यांवरील चित्रें यांच्यापलीकडे आपली दृष्टि सहसा जात नाहीं. परंतु युरोप-अमेरिकेंत, आणि थोड्याफार प्रमाणांत आपल्याकडेहि, चिनी मातीचीं जुनीं घड्याळें जमविणाऱ्या रसिकांचा एक वर्ग आहे. फुलापानांनीं रंगविलेलें, सोनेरी कडांचें, थंड देशांतील लोक भिंतींतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवीत असत तें हें घड्याळ. या छंदासंबंधीं हल्लीं एक वाद उत्पन्न झाला आहे. वरवर पाहतां तो थोड्या हौशी लोकांचा घरगुती वाद दिसतो. परंतु त्याच्या निकालावर पुष्कळ चांगल्या वस्तूंचें जीवित अवलंबून असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

अशा घड्याळाचीं दोन अंगें असतात. बाहेरचें मातीचें कोंदण हें एक, व त्यांत बसविलेलें पितळी यंत्र हें दुसरें. कांहीं संग्राहक म्हणतात कीं, कला काय ती कोंदणांत आहे. यंत्र बिघडलें तर तें काढून टाकावें आणि त्या जागीं बॅटरीवर चालणारें क्वार्ट्झ यंत्र बसवावें, म्हणजे चावी देण्याची कटकट नको आणि घड्याळजीकडे खेपाहि नकोत. विक्रेतेहि पुष्कळदां हाच सल्ला देतात, कारण चालतें घड्याळ लवकर विकलें जातें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. यंत्र काढून घेतलें म्हणजे तें घड्याळ राहत नाहीं. तबकडी लावलेली फुलदाणी होते.

हें मत पटण्यासाठीं तीं दोन अंगें एकत्र कशीं आलीं तें पाहिलें पाहिजे. पूर्वेकडील देशांना शतकानुशतकें ठाऊक असलेलें पोर्सेलीनचें रहस्य युरोपास अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत उमगलें नव्हतें. सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस द स्ट्राँग याला या भांड्यांचें विलक्षण वेड होतें. योहान फ्रीड्रिख ब्योटगर नांवाचा एक तरुण, आपल्याला सोनें करतां येतें, अशी बढाई मारीत असे. ऑगस्टसनें त्याला आपल्या कैदेंत ठेवून कामाला लावलें. सोनें कांहीं निघालें नाहीं. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या साह्यानें १७०८ च्या सुमारास पांढरें पोर्सेलीन निघालें, आणि १७१० सालीं मायसेन येथें कारखाना सुरू झाला. राजाचा यांत तोटा झाला असें कोणी म्हणणार नाहीं!

पोर्सेलीन म्हणजे केओलिन नांवाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचें मिश्रण. सुमारें १,४०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजलें म्हणजे तें कांचेसारखें घट्ट होतें. परंतु भट्टींत तें जवळजवळ एक-षष्ठांशानें आकसतें, आणि मऊ पडून वांकण्याचाहि संभव असतो. साधी बशी थोडी कमीजास्त आकसली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. घड्याळाच्या कोंदणाची गोष्ट निराळी. तबकडीचें वर्तुळ नेमकें हवें, मागचें भोंक त्याच्या बरोबर समोर यावयास हवें, लंबकाला आंत झुलण्यास जागा हवी. आणि एकदां भाजून निघाल्यावर चूक दुरुस्त करणें अत्यंत कठीण. तेव्हां सांचा करणाऱ्या कारागिराला आकसण्याचा हिशेब ओल्या मातींतच करावा लागे. सारांश, कुंभार हा घड्याळजीच्या मापानें काम करीत होता. यंत्र हें मागाहून आंत टाकलेलें उपरें नव्हे. त्याच्याच मापावर कोंदणाचा जन्म झालेला असतो.

पुढें फ्रान्सनें या कामांत मोठें नांव मिळविलें. सेव्हर येथील राजाश्रित कारखाना, आणि १७६८ सालीं लिमोजजवळ केओलिन सांपडल्यावर तिकडे भरभराटीस आलेला पोर्सेलीनचा धंदा, यांची हकीकत प्रसिद्धच आहे. पण हीं सर्व श्रीमंतांचीं घड्याळें. मध्यम स्थितींतील माणसाच्या घरीं चिनी मातीचें घड्याळ पोंचविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं ॲन्सोनिया या अमेरिकन कंपनीस द्यावें लागेल. १८५० सालीं कनेक्टिकट संस्थानांत ॲन्सन फेल्प्स यानें ती काढली. त्याचा मूळ धंदा पितळेचा, आणि त्या पितळेला गिऱ्हाईक हवें म्हणून घड्याळें! पुढें कंपनीनें ब्रुकलिन येथें मोठा कारखाना घातला. तो १८८० सालीं जळाला, तरी पुन्हां उभा राहिला. या कंपनीचीं यंत्रें अमेरिकेंत होत, पण त्यांचीं पुष्कळ सुंदर कोंदणें जर्मनींत ऱ्हाईनकांठच्या बॉन शहरीं फ्रान्झ आंतोन मेलेम याच्या कारखान्यांत घडत. ‘रॉयल बॉन’ या नांवानें संग्राहक ज्यांना ओळखतात तीं हींच. काटेकोर बोलावयाचें तर त्यांची माती खरें पोर्सेलीन नव्हे. ती झिलई दिलेली तलम मृत्तिका आहे, आणि टवका उडाला कीं हा भेद उघडा पडतो. पण गुलाबाच्या पाकळ्यांवरून हिरव्या छायेंत विरघळत जाणारा तिच्यावरचा रंग एकदां पाहिला म्हणजे कोणी मातीची जात विचारीत बसत नाहीं.

एका देशाची माती आणि दुसऱ्या देशाचें पितळ असा हा अटलांटिक महासागरापलीकडला संसार होता. १९१४ च्या महायुद्धानें त्याचा मार्ग तोडला. मेलेमचा कारखाना युद्धानंतर विलेरॉय आणि बॉख या कंपनीच्या हातीं गेला व १९३१ सालीं बंद पडला. ॲन्सोनियाची अखेर तर अधिकच चमत्कारिक झाली : १९२९ सालीं तिचीं यंत्रें व हत्यारें सोविएत रशियानें विकत घेतलीं आणि तीं मॉस्कोस रवाना झालीं. म्हणजे आतां त्या कोंदणाचा कर्ता नाहीं आणि त्या यंत्राचाहि नाहीं. असें यंत्र भंगारांत टाकणाऱ्यानें, दुसरें कोठून आणणार, याचा विचार केलेला नसतो.

नवशिक्या संग्राहकाला फसविण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. मायसेनच्या दोन निळ्या आडव्या तरवारी आणि सेव्हरचीं एकमेकांत गुंतलेलीं दोन रोमन अक्षरें यांची नक्कल इतक्या कारखान्यांनीं केली आहे कीं, केवळ चिन्ह पाहून पैसे मोजणारा माणूस हा विक्रेत्याचा लाडका असतो. अमेरिकेंत १८९० च्या जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव इंग्रजींत घालणें आवश्यक केलें. त्यामुळें ज्या कोंदणाखालीं जर्मनीचें नांव इंग्रजींत छापलेलें आहे तें बहुधा त्यानंतरचें समजावें. तडा ओळखण्यासाठीं यंत्र काढलेल्या कोंदणावर नखानें टिचकी मारावी. धड असेल तर खणखणीत नाद निघतो, तडा असेल तर बद्द. मागाहून फासलेला रंग अतिनील किरणांच्या दिव्याखालीं निराळा चमकतो. आणि तबकडीवर चावीचीं दोन भोकें दिसतात, पण चावी आंत कोठेंच बसत नाहीं, असें झालें कीं, आंत काय घडलें तें सांगावयास नको.

आतां विरुद्ध पक्षाचा जो खरा मुद्दा आहे त्याचा विचार करूं. ते म्हणतात कीं, मोठमोठ्या संग्रहालयांतसुद्धां कित्येक जुनीं घड्याळें बंद ठेवतात, कारण चालण्यानें यंत्र झिजतें. ही गोष्ट खरी आहे. पण तेथें यंत्र बंद ठेवतात, फेंकून देत नाहींत! झीज मुख्यतः वाळलेल्या तेलांत धूळ मिसळून होते. कांहीं वर्षांनीं जाणत्या माणसाकडून यंत्र उघडून साफ करून घेतलें तर ती फार मंद होते. आणि चालत्या घड्याळाचें मोल काय तें हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत पाहावें. तेथील प्रसिद्ध वाद्यघड्याळ चिनी मातीचें नाहीं, पण तास भरतांच आंतून एक लहानशी आकृति बाहेर येऊन ठोके देते, आणि तो क्षण गांठण्यासाठीं माणसांची दाटी होते. तीच आकृति निश्चल असती तर किती लोक तेथें थांबले असते?

ज्याच्या ऐपतींत दुरुस्ती बसत नसेल त्याला आम्ही दोष देत नाहीं. त्यानें घड्याळ बंद ठेवावें, पण मूळ यंत्र, लंबक, कांटे व चावी हीं कोंदणापासून वेगळीं होऊं देऊं नयेत. पुढें कधीं तरी पैसे येतील, किंवा दुसऱ्या कोणाच्या हातीं तें जाईल, त्याला तें चालवितां येईल. फुटलेल्या कोंदणाबाबतहि आम्ही असेंच म्हणूं : टवका उडाला असेल तर तो दिसूं द्यावा. रंग फासून झांकलेल्या जखमेपेक्षां प्रामाणिक जखम बरी, आणि जाणता गिऱ्हाईक तिला किंमतहि बरी देतो.

सांभाळणें फारसें कठीण नाहीं. हलविण्यापूर्वीं लंबक काढून ठेवावा. घड्याळ वरच्या फुलाला किंवा कानांना धरून कधींहि उचलूं नये. खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा. चावी देतांना एक हात कोंदणावर असावा. फ्रेंच यंत्र पुढच्या व मागच्या कड्यांमध्यें पितळी पट्ट्यांनीं आवळलेलें असतें. ते स्क्रू जोरानें पिळल्यास माती चिरते. ठोके देणाऱ्या जुन्या घड्याळाचे कांटे मागें फिरवूं नयेत, पुढें फिरवितांना प्रत्येक ठोका पुरा होऊं द्यावा. सोनेरी कडा घासून धुऊं नयेत. सोनें झिलईच्या वर असतें व तें लवकर जातें.

जुने घड्याळजी यंत्र साफ केल्यावर पितळी पत्र्याच्या मागें टोंकदार हत्यारानें तारीख व आपली खूण कोरून ठेवीत. एखाद्या घड्याळांत अशा चार-पांच तारखा एकीखालीं एक सांपडतात. नव्या मालकानें पत्रा ओरखडूं नये. दुरुस्ती कोणीं केली, कोणत्या सालीं केली आणि कोणता भाग बदलला एवढें कागदावर लिहून तो कागद कोंदणाच्या आंत, लंबकाला लागणार नाहीं अशा बेतानें ठेवून द्यावा.