उकिरड्यावरचे पुरावे आणि नेसरीची खिंड

नेसरीच्या खिंडीतील प्रतापराव गुजरांच्या स्मारकापाशी उभे राहिले की आम्हां साहित्याच्या अभ्यासकांची पंचाईत होते. कुसुमाग्रजांची कविता शाळेपासून मनात घर करून बसलेली; सात स्वार आपोआप डोळ्यांपुढे येतात. अशा वेळी एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, खरेच सातच होते का?" या प्रश्नावर रागावता येत नाही, आणि 'कवितेत तसे आहे' एवढ्यावर सुटकाही होत नाही. जुना लेखी पुरावा वाचावा कसा, हे आधी ठरवावे लागते. आमच्या मते त्याचा उत्तम धडा इजिप्तमधील पपायरसच्या अभ्यासातून मिळतो.

पपायरस म्हणजे नाईलकाठच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या रचून, दाबून केलेला प्राचीन कागदच. आपल्याकडच्या पावसात तो टिकला नसता. तिकडच्या कोरड्या वाळूने तो राखला. १८९६-९७च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी ऑक्सिरिंकस या गावाचे उकिरडे उपसायला घेतले आणि तेथून लाखो तुकडे निघाले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंडही त्याच वर्षीचा.

या ढिगाऱ्यात हरवलेली ग्रीक काव्ये सापडली, तशा कराच्या पावत्या, करारनामे आणि घरगुती पत्रेही सापडली. इतिहासाच्या अभ्यासकाला हा दुसरा ऐवज अधिक मोलाचा वाटतो. पावती लिहिणाऱ्याची नजर भावी पिढ्यांवर नसते. त्यामुळे तो जे सहज सांगून जातो ते विश्वासार्ह ठरते. व्हिएन्नामधील एक पपायरस १९८५ साली प्रसिद्ध झाला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या पपायरसच्या एका बाजूला कर्जव्यवहार आहे, तर दुसऱ्या बाजूला केरळातील मुझिरिस बंदराहून निघालेल्या 'हर्मापोलॉन' या जहाजावरील मालाची किंमत. त्यात हस्तिदंत आहे, गंगेकडची जटामांसी आहे. भारताचा इतिहास लिहावा असे त्या हिशेबनिसाच्या मनातही नव्हते. नेमके म्हणूनच त्याची साक्ष भक्कम.

पण याच उकिरड्याने मोहही दाखवला. १९०३ साली छापल्या गेलेल्या एका पपायरसवर एक ग्रीक प्रहसन आहे. भारताच्या किनाऱ्यावर अडकलेल्या खारिटिऑन नावाच्या तरुणीची सुटका, हा त्याचा विषय. त्यातील 'परकीय' पात्रांची भाषा कन्नड असावी, असे हुल्ट्श या विद्वानाने १९०४ साली सुचवले. पुढे काहींनी ते उचलून धरले, तर काहींनी ती निव्वळ हशा पिकवण्यासाठी केलेली बडबड मानली. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडणाऱ्या गडहिंग्लज तालुक्यातील वाचकाला हा वाद जवळचा वाटेल. आपली भाषा इतकी जुनी निघावी, असे कोणाला वाटणार नाही? पण आपले वाटणे म्हणजे पुरावा नव्हे.

हीच कसोटी नेसरीला लावून पाहू. सभासद बखर १६९७च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. तिच्यात मोठे युद्ध आहे, प्रतापरावांचे पतन आहे. गावाचे नाव मात्र 'जेसरी' असे येते आणि सहा साथीदारांचा उल्लेख नाही. उलट, प्रसंगानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १६७४मध्ये, इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याने मुंबईला पाठवलेल्या पत्रात दोन डोंगरांमधील अरुंद वाट आहे, आणि बाकीच्या फौजेची मदत न मिळालेले सहा स्वारही आहेत. शेणवी काही खिंडीत हजर नव्हता. त्याची बातमी ऐकीवच. परंतु मुंबईच्या मालकांना मराठ्यांच्या शौर्याचे पवाडे ऐकवण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणजे सात या आकड्याला समकालीन कागदाचा आधार आहे. त्या सहांची म्हणून जी नावे आज घेतली जातात, त्यांना मात्र असा आधार नाही. ती परंपरेने दिलेली आहेत.

हे सांगितल्याने कोणाचा अपमान होतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. कवीने सात स्वारांना वेग दिला, परंपरेने त्यांना नावे दिली, आणि एका व्यापारी पत्राने ते होते याची साक्ष दिली. तिघांची कामे वेगळी आहेत. गोंधळ होतो तो एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतल्याने. कवितेला पुरावा मानले, की कोणीतरी ती खोटी ठरवायला निघतो आणि नुकसान कवितेचेच होते.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: सात होते असे मानायला चांगला आधार आहे, नावांविषयी आग्रह धरू नये. आणि घरच्या माळ्यावर मोडीतला एखादा जमाखर्च पडून असेल, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवावा. ऑक्सिरिंकसच्या लोकांनीही आपल्या पावत्या टाकूनच दिल्या होत्या.