संगणकाच्या तासाला फक्त क्लिकच का?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, संगणकाच्या तासाला आपण काय शिकवतो? इथे क्लिक कर, मग तिथे क्लिक कर. माझ्या मते हे पुरेसं नाही.

अमेरिकेतलं १ ऑगस्ट २०१२ चं उदाहरण बघा. नाइट कॅपिटल या शेअर व्यवहारांच्या कंपनीत नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर हाताने टाकायचा होता. सात झाले, एक राहून गेला. तपासायला दुसरा माणूस नव्हता. राहिलेल्या सर्व्हरवरचा जुना प्रोग्राम जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली!

आता सर्व्हर किती आणि कसे हवेत, हे टेराफॉर्मसारख्या साधनासाठी फाइलमध्ये लिहून ठेवतात. ‘प्लॅन’ म्हटलं की काय बदलणार ते आधी दिसतं, मग ‘अप्लाय’. फाइल गिटमध्ये असली की कोणी काय बदललं तेही कळतं. अर्थात फाइलच चुकली तर चूक आठही ठिकाणी जाणार, म्हणून ती दुसऱ्याने वाचायलाच हवी.

शाळेत यासाठी क्लाउड लागत नाही हो. आठवीच्या मुलाला एक संगणक वापरायला कसा तयार केला, ते पायरी-पायरीने वहीत लिहायला सांगा. वही शेजारच्या बाकावर द्या. तो कुठे अडतो ते बघा.