शड्डू ठोकण्याचे वय

वाक्प्रचार शिकविताना एक गंमत नेहमी ध्यानात येते. शड्डू ठोकणे, चीत करणे, अस्मान दाखविणे, धोबीपछाड देणे हे सारे भांडवल आखाड्यातले. आपण खुर्चीवर बसून ते खर्ची घालतो. कमावले मात्र लंगोट लावणाऱ्यांनी! त्या कमाईला काय पडते, हे समजण्यासाठी आम्हा लातूरकरांना एक नाव पुरेसे आहे : हरिश्चंद्र बिराजदार.

निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. जन्म १९५० चा. पहिलवानी म्हणजे काही नोकरी नव्हे, की एक तारखेला पगार हाती पडावा. तिचा व्यवहारच उलटा. आधी खर्च, मग कमाई. इनाम मिळते ते मैदान मारल्यावर; दूध, तूप, बदाम मात्र हरलेल्यालाही रोज लागतात. आमच्या कोरडवाहू मुलखात हा भार एका घराला कसा झेपावा? शिवाय विद्या कोल्हापुरात. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले. पोरे तिकडेच धावत. बिराजदारही गंगावेस तालमीत घडले.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या लातुरात भरल्या. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडले. त्या गावात, आपल्याच माणसांसमोर, या पोराने केसरीचा किताब मिळविला. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक! वाचकहो, ही झेप साधी नव्हे. ताक, तेल, हळद घालून मळलेली आखाड्याची माती पाय धरून ठेवते; तिथे पाठ टेकली की निकाल. गादीवर पाय वेगळा पडतो, घड्याळ चालते आणि गुण मोजले जातात. मातीतल्या पहिलवानाला तिथे नव्याने चालायला शिकावे लागते. १९७२ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. वय अवघे बावीस!

हे सारे आठवायचे कारण, माझ्या वर्गातला एक विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, कान मोडलेला. परवा भीत भीत म्हणाला, "सर, पुण्याला तालमीत जावे म्हणतो. वडील म्हणतात, आधी बी. ए. हो."

वडिलांचे चुकते असे मला वाटत नाही. एक गुडघा दुखावला की पहिलवानाचा संसार बसतो. किताबांची वर्षे थोडी, आयुष्य लांब. पण बिराजदारांचे पुढले आयुष्यही डोळ्यांसमोर ठेवावे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले, सगळ्यांचे 'मामा' झाले. आपल्याच जिल्ह्यातले काका पवार त्यांचे शिष्य. बीड जिल्ह्यातला राहुल आवारेही त्यांच्याच हाताखाली वाढला. २०११ साली मामा गेले. २०१८ साली राहुलने राष्ट्रकुलचे सुवर्णपदक आणले. गुरूने एडिंबरोत जे मिळविले, ते शिष्याने अठ्ठेचाळीस वर्षांनी ऑस्ट्रेलियात मिळविले; पाहायला मामा तेवढे नव्हते.

मी त्या पोराला सांगितले, "जा, पण परीक्षेचा अर्ज बाहेरून भरून जा. आणि वडिलांना एकदा माझ्याकडे घेऊन ये." त्यांना बदामाचा भाव मी काही कमी करून देऊ शकणार नाही. विद्येचा हिशेब मात्र दोन-तीन वर्षांचा नसतो, एवढे सांगेन.

महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेत पुन्हा कुस्त्यांचा फड रंगेल. शिट्ट्या वाजविणारे हजारो जमतील, जिंकणाऱ्याला फेटाही बांधतील. त्यांतल्या एखाद्या भल्या गृहस्थाने एका पोराच्या दुधाचा वर्षाचा रतीब लावून दिला, तर त्या फेट्याला अधिक शोभा येईल.