आधी गाळाला वाट

पूर ओसरला की वाराणसीच्या घाटांवर पायऱ्यांआधी चिखल दिसतो. पंप लावून, पाण्याच्या झोताने तो पुन्हा गंगेत लोटायचे काम दरवर्षी करावे लागते. हा गाळ एकट्या हिमालयाचा नाही. प्रयागराजला यमुना मिळते आणि तिच्यात चंबळ, बेतवा, केन या नद्यांनी माळव्याची नि बुंदेलखंडाची माती आणलेली असते. अहिल्याबाईंच्या आणि शिंद्यांच्या घाटांवर बसणारा थर काही अंशी माळव्याचाच असतो. समोरच्या काठावर वाळू पसरते, कारण इथल्या वळणावर नदी घाटांच्या बाजूने खोल वाहते आणि आतल्या बाजूला आपला भार टाकते. घाटांवरचा प्रवाहाचा दाब कमी व्हावा म्हणून 2021 मध्ये त्या वाळूतून सुमारे पाच किलोमीटरचा कालवा खणला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यातल्या पुराने तो बुजवला. असे होणार हे नदी-अभियंते आधीपासून सांगत होते.

गंगेतल्या गाळाचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी केंद्राने 2016 मध्ये जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भीमगोडा ते फराक्का हा तिचा पट्टा. 2017 मध्ये आलेल्या तिच्या अहवालाचा रोख सरसकट उपशावर नव्हता. माती मुळात पाणलोटातच धरावी, पुराला पसरायला मैदाने आणि तळी मोकळी ठेवावीत आणि जो गाळ येईल त्याला पुढे जायला वाट द्यावी, असे तिचे सांगणे होते. धरणांबाबतची शिफारस तर थेट होती: पहिला पूर अडवू नका, तो गाळासकट जाऊ द्या, नंतरच्या पुरांचे पाणी साठवा. उन्हाळ्यात उघडी पडलेली, भुसभुशीत झालेली माती पहिल्याच मोठ्या पावसात सुटते. म्हणून घनमीटरामागे सर्वांत जास्त गाळ बहुधा त्याच पाण्यात असतो. नाईलवरचे 1902 चे जुने अस्वान धरण याच तत्त्वावर बांधले होते. त्याच्या 180 दरवाजांतून गढूळ पूर निघून जाई आणि पाणी निवळू लागले की साठा सुरू होई. चीनमध्ये पीत नदीवरचे सान्मेन्शिया धरण याच्या उलट चालवले गेले. 1960 नंतर थोड्याच वर्षांत ते इतके गाळाने भरले की तळाशी नवे मार्ग काढून त्याची सारी पद्धत बदलावी लागली.

आपल्या धरणांच्या आखणीत मात्र गाळ मृतसाठ्यात, म्हणजे तळाशी न वापरता येणाऱ्या पाण्याच्या जागेत, जाऊन बसेल, हे गृहीत फार काळ चालले. प्रत्यक्षात पाण्याचा वेग जलाशयात शिरताच कमी होतो आणि जड गाळ वरच्या टोकालाच बसू लागतो, म्हणजे उपयुक्त साठ्यात. जायकवाडी धरणाची मूळ क्षमता सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 26 टीएमसी मृतसाठा; गाळ साचत गेला की हे आकडे बदलतात. नाशिकची ‘मेरी’ ही संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून राज्यातल्या जलाशयांचा गाळ मोजते, तरीही धरण इतके टक्के भरले ही बातमी वाचताना ते टक्के कोणत्या वर्षीच्या क्षमतेचे, हे कुणी विचारत नाही. वरच्या नि खालच्या जिल्ह्यांत पाणी वाटायचे असेल, तर हा प्रश्न पहिला असायला हवा.

गाळ काढून शेतात टाकला तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. लहान तलावांसाठी काहीच बिघडत नाही. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने अशा ठिकाणी शेतकऱ्याला सुपीक माती मिळते. पण एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. दहा घनमीटरचा एक ट्रक धरला तर एवढा गाळ वाहायला 28 लाख खेपा लागतील, आणि तोवर नवे पावसाळे येऊन गेलेले असतील. मोठ्या धरणांना हा उपाय पुरत नाही.

खरा भक्कम आक्षेप दुसरा आहे. मराठवाड्यात किंवा बुंदेलखंडात पहिला पूर सोडला आणि दुसरा आलाच नाही तर? ही भीती खोटी नाही, आणि तिचे उत्तर सगळीकडे एकच नियम लावण्यात नाही. एकामागे एक धरणे असलेल्या खोऱ्यात वरच्याने सोडलेले पाणी खालचे धरू शकते. मग कोणी कधी उघडायचे हे पूर्ण खोऱ्याचा हिशेब करून, अंदाज आणि मागच्या वर्षीचा शिल्लक साठा पाहून ठरवता येते. जिथे खरोखर एकच संधी असते, तिथे पूर अडवावा, पण त्याची किंमत म्हणून पाणलोटातल्या बांधबंदिस्तीला आणि गवताळ आच्छादनाला पैसा धरणाच्याच अंदाजपत्रकात असावा. जुन्या मातीच्या धरणांना दरवाजे माथ्याजवळ असतात, तळाचा गाळ त्यांतून जात नाही. त्यांच्यासाठी पाणलोटाचे काम हाच मुख्य मार्ग उरतो.

नव्या धरणांना ही सबब नाही. केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी 25 डिसेंबर 2024 ला खजुराहोत झाली. त्यातले केनवरचे दौधन धरण 77 मीटर उंचीचे होणार आहे, आणि केनची वाळू आजवर बांद्यावरून यमुनेत, तिथून गंगेत जात आली आहे. तळाशी गाळ सोडणारे मार्ग किती आणि केवढे असतील, पहिल्या पुरात ते किती दिवस उघडे राहतील, पन्नास वर्षांनंतर उपयुक्त साठा किती उरेल, हे आकडे भिंत उभी राहण्याआधी लोकांसमोर ठेवले पाहिजेत.