चारी चाकांची गाडी आणि विजेच्या दोषाची परीक्षा

ज्या कुटुंबाचें मूळ घर घाटाखालीं आहे, किंवा ज्यांच्या शेताची वाट पावसाळ्यांत चिखलानें भरून जाते, त्यांच्या दारांत चारी चाकांना जोर देणारी मोटारगाडी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. अशी गाडी वर्षांतले बहुतेक महिने मागच्या दोन चाकांवरच धांवते; पुढच्या चाकांची आठवण होते ती आषाढांत. नेमका त्याच वेळीं चालकासमोरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकूं लागतो, आणि पुढचीं चाकें कांहीं केल्या साथ देत नाहींत. मग घरांतील प्रत्येक जण आपापलें मत देतो, धाकटी मंडळी फोनवर शोध घेतात, आणि गाडी दुरुस्तीस गेली कीं तेथून उत्तर येतें, "बॉक्स गेला आहे, मोटर पण बदलावी लागेल." खर्चाचा आंकडा ऐकून वडील मंडळी कांहीं वेळ बोलत नाहींत.

ह्या उत्तरांत तथ्य किती, हें घरच्या माणसाला बरेंचसें स्वतः पाहतां येतें, असें आमचें मत आहे. त्यास विजेचें शास्त्र फारसें लागत नाहीं. क्रम मात्र लागतो.

प्रथम ह्या यंत्राची ओळख करून घेऊं. इंजिनाचा जोर गिअरपेटींतून निघाल्यावर आणखी एका पेटींत शिरतो, आणि तेथून तो मागच्या व पुढच्या आंसांकडे वांटला जातो. ह्या दुसऱ्या पेटीस ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्या मुख्य अवस्था तीन. टू-एच म्हणजे केवळ मागचीं चाकें. फोर-एच म्हणजे चारी चाकें, नेहमींच्या वेगानें. आणि फोर-एल म्हणजे चारी चाकें, पण वेग बराच कमी व जोर त्या मानानें अधिक. दुसऱ्या महायुद्धांत जगभर पसरलेल्या विलीज जीपमध्यें ह्या कामासाठीं चालकाच्या पायांजवळ दोन दांड्या असत. दांडी ओढली कीं आंतला काटा सरकला, एवढाच मामला. बिघाड झाला तर तो हाताला कळे. पुढें दांडीच्या जागीं खटका आला. आपल्याकडे २००२ सालीं निघालेल्या स्कॉर्पिओच्या चारी चाकांच्या नमुन्यांत असा गोल खटका पुष्कळांनीं पाहिला असेल. हाताचें काम विजेची एक लहान मोटर करूं लागली, आणि त्या मोटरीवर हुकूम चालविण्यास एक इलेक्ट्रॉनिक पेटी आली.

आतां हुकुमाचा मार्ग पाहावा. खटका फिरविला कीं नियंत्रक पेटीस मागणी पोंचते. ती आधीं अटी तपासते: गाडीचा वेग किती आहे, फोर-एल हवा असल्यास गाडी उभी आहे कीं नाहीं, गिअर न्यूट्रलमध्यें किंवा क्लच दाबलेला आहे कीं नाहीं. अटी पुऱ्या झाल्या तर ती मोटरीस प्रवाह देते. मोटरीच्या अंगालाच एन्कोडर नांवाचा एक सेन्सर असतो. मोटर फिरून कोणत्या जागीं थांबली, हें तो पेटीस कळवितो. मागितलेली जागा आणि कळविलेली जागा जुळली तर दिवा स्थिर होतो, न जुळली तर पुष्कळ गाड्यांत तो लुकलुकत राहतो. म्हणजे दिवा एवढेंच सांगतो कीं, हुकूम गेला, पण काम झाल्याची वर्दी आली नाहीं. काम खरोखरच झालें नाहीं, कीं वर्दीच वाटेंत हरवली, हें त्यास ठाऊक नसतें. मोटर जळाली असें तर तो कधींच म्हणत नाहीं; तें आपण त्याच्या तोंडीं घालतों.

पुढें जाण्यापूर्वीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. बहुतेक अशा पेट्यांत फोर-एच व फोर-एल ह्यांच्या मधोमध न्यूट्रलची जागा असते. मोटर अर्ध्यावर थांबून काटा तेथेंच राहिला, तर इंजिनाचा व चाकांचा संबंध तुटतो. मग गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवलेली असो, वा स्वयंचलित गाडी 'पार्क'मध्यें असो, उतारावर ती सरकूं शकते. धरून ठेवणारा एक हातब्रेक तेवढा उरतो. ह्यासाठीं सपाट जागा, ओढलेला हातब्रेक, आणि चाकांच्या पुढें-मागें दगड किंवा लांकडाचे ठोकळे, इतकें झाल्याखेरीज कोणींही गाडीखालीं जाऊं नये. मुलांच्या हातीं बॅटरीचा दिवा देऊन त्यांना गाडीखालीं बसविण्याची जी पद्धत कित्येक घरांत दिसते, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

परीक्षेचा पहिला प्रश्न असा कीं, यंत्र बिघडलें आहे, कीं योग्य कारणानें नकार देत आहे? चालत्या गाडींत फोर-एल मागणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. तेथें नकार देणारी पेटी शहाणी म्हणावी. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून वळणें घेतलीं, तर पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळें अंतर तोडतात. मातींत तो फरक चाकें घसरून निघून जातो. डांबरावर त्यास वाट नसल्यामुळें आंसांत पीळ भरतो. पीळ भरलेल्या स्थितींत काटा सुटत नाहीं, दिवा लुकलुकतो, आणि विजेचा दोष काडीचाही नसतो. गाडी सरळ रेषेंत दहा-पंधरा फूट मागें घेतली कीं पुष्कळदां 'खट्' असा आवाज होऊन सारें सुरळीत होतें. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले तरी असाच पीळ पडतो.

हें नसेल तर कान लावावा. इंजिन बंद, किल्ली चालू. एकानें खटका फिरवावा, दुसऱ्यानें बाहेर उभें राहून ऐकावें. मोटरीची घरघर ऐकूं येते पण काटा सरकत नाहीं, तर दोष बहुधा यांत्रिक समजावा. सारें निःशब्द असेल तर विजेच्या वाटेनें जावें. त्यांत सर्वांत आधीं बॅटरी: विसांवलेली चांगली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. ती १२ च्या खालीं असेल तर पुढची चौकशीच व्यर्थ. मग फ्यूज, आणि तोही केवळ डोळ्यांनीं न पाहतां दोन्ही टोकांना मीटर लावून.

दुरुस्तीच्या दुकानांत यंत्र लावून दोषाचा अंक वाचतात. तो अवश्य वाचावा. परंतु अंक वाचणें म्हणजे निदान नव्हे. जनरल मोटर्सच्या अमेरिकी ट्रकांत सी-०३२७ हा अंक प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ एन्कोडरच्या सर्किटमध्यें दोष, एवढाच. सर्किट म्हणजे तो सेन्सर, त्याच्या तारा, दोन्ही टोकांचे जोड, आणि पेटीचा तेवढा भाग. अंक वाचून तडक मोटर बदलणारा मनुष्य सर्किट ह्या शब्दाचा अर्थ 'मोटर' असा करतो. कोणत्याही कोशांत हा अर्थ आम्हांस सांपडला नाहीं.

तर्कसंग्रह शिकतांना आम्हीं अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द घोकले. एक असलें कीं दुसरें असतें, हा अन्वय. एक नसलें कीं दुसरेंही नसतें, हा व्यतिरेक. गाडीच्या दोषास हीं दोन्हीं मापें उत्तम लागू पडतात. दिवा केव्हां लुकलुकतो आणि केव्हां लुकलुकत नाहीं, ह्याची आठ दिवसांची टिपणवही ही अनेक यंत्रांपेक्षां अधिक बोलते. एक रिले काढून तिच्या जागीं तशाच दुसऱ्या कामाची रिले बसविली आणि दोषही तिच्याबरोबर दुसरीकडे गेला, तर ती रिले दोषी. न गेला तर ती सुटली.

गेल्या श्रावणांत आमच्या पुतण्याच्या गाडीची हीच तऱ्हा झाली. आमच्या दादांना दर पंधरवड्यास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावें लागतें, आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची चढण तांबड्या मातीची. तेव्हां ही केवळ हौसेची गोष्ट नव्हती. दुरुस्तीवाल्यानें नवा बॉक्स व नवी मोटर सांगितली होती, आणि ती रक्कम घरच्या सामाईक पैशांतून जाणार होती. "काका, कोरड्या सकाळीं नीट चालतें, पाऊस लागला कीं नाहीं," असें पुतण्या म्हणाला. बॉक्स खरोखर गेला असता तर त्यानें पाऊस आणि ऊन ह्यांत भेद केला नसता, असें आम्हांस वाटलें, आणि आळींतील वायरमनला बोलाविलें.

त्यानें पेटीची अर्थिंगची तार ओहममीटरनें मोजली. अर्धा ओहम दिसला. मीटरच्या स्वतःच्या तारांचाही थोडा असतोच, म्हणून तो म्हणाला, "अर्थ ठीक आहे, गुरुजी." आम्हीं त्यास तीच तार काम चालू असतांना मोजावयास सांगितलें: मीटरचें एक टोंक पेटीच्या अर्थवर, दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकावर, आणि पुतण्यानें खटका फिरवावा. मीटर ४.८ व्होल्टांवर गेला. तेथें ०.१, फार तर ०.२ दिसावयास हवा होता.

ह्याचा हिशेब शाळेंतल्या मुलासही करतां येईल. प्रवाह गुणिले विरोध म्हणजे वाटेंत खर्च झालेला दाब. दिव्यास ०.२ अँपिअर पुरतो; अर्ध्या ओहमांत त्याचा ०.१ व्होल्ट गेला तरी तो सुखानें जळतो. मोटरीस मात्र दहाच्या आसपास अँपिअर लागतात, आणि तोच अर्धा ओहम तिचे सुमारें ५ व्होल्ट गिळतो. उरलेल्या सातांवर ती काटा कसा ढकलणार? ओहममीटर स्वतः अगदीं क्षुद्र प्रवाह सोडतो. त्याच्या दृष्टीनें एका धाग्यावर लोंबणारी तारही धडधाकट असते. म्हणून तार नेहमीं भार असतांना मोजावी. आमच्या सर्व लेखांत एवढी एकच ओळ वाचकांनीं ध्यानांत ठेविली तरी चालेल.

शोध घेतां तार जेथें सांगाड्यास बोल्टनें आंवळली होती, तेथें गंज आणि हिरवट मळ सांपडला. पॉलिश कागदानें जागा घासली, नवें टोंक बसविलें, बोल्ट आंवळून वर ग्रीस लाविलें. मीटर ०.०६ वर आला. त्यानंतर दिवा लुकलुकला नाहीं, आणि बिल झालें तें चहासकट अडीचशें रुपये.

सर्वच दोष इतके स्वस्त असतात असें नाहीं. कोंकणांत व घाटमाथ्यावर गाडीखालच्या जोडांत पाणी शिरणें हा मोठा रोग. जोड उघडून आंत हिरवट पूड दिसली तर दुसरें कांहीं शोधण्यापूर्वीं तो साफ करावा. उंदीर तारा कुरतडतात, हें ज्यांच्या गाड्या अंगणांत उभ्या असतात त्यांना सांगावयास नको. कधीं चालतें कधीं नाहीं अशा दोषास मीटर लावून ठेवावा आणि तारेचा जुडगा वितीवितीनें हलवीत जावा. कांटा अथवा आंकडा जेथें दचकतो तेथें थांबावें. तारेंत टांचणी खुपसून तपासणारे लोक मात्र दूर ठेवावे, कारण त्या भोंकांतून पुढच्या पावसाळ्यांत पाणी शिरतें. तुटलेल्या तारेस नुसती चिकटपट्टी गुंडाळणें हीही दुरुस्ती नव्हे.

हें सर्व निर्दोष ठरलें, मोटरीपर्यंत पुरा दाब पोंचला, पीळ नाहीं, आणि तरीही मोटर फिरत नाहीं, तर ती गेली असें म्हणण्यास आधार मिळाला. तेथून पुढचें काम जाणत्याचें आहे. मोटर काढतांना व बसवितांना तिचा दांडा आणि पेटींतील काटा एकाच अवस्थेंत जुळवावे लागतात, आणि कांहीं गाड्यांत नव्या पेटीस जागा ओळखावयास शिकवावें लागतें. दुरुस्तीवाल्यास भाग बदलण्याची अनुज्ञा देतांना मोटरीच्या टोकांवर भार असतांना किती व्होल्ट मिळाले, तो आंकडा बिलावर लिहून मागावा. चांगला कारागीर तो आनंदानें लिहितो.

आणि गाडी धडधाकट असतांनाही महिन्यांतून एकदां ती मातीच्या वाटेवर नेऊन फोर-एचमध्यें थोडी चालवावी, मग उभी करून फोर-एल लावून पाहावा. न वापरलेले जोड व मोटरी वापरलेल्यांपेक्षां लवकर गंजतात. ही परीक्षा वैशाखांतच उरकावी. त्यावेळीं वाट कोरडी असते, दुरुस्तीवाल्याकडे गर्दी नसते, आणि मागविलेला भाग पावसाआधीं हातीं येतो.