डिकी म्हणजे माळा नव्हे

मोटारीची डिकी म्हणजे घराचा माळा नव्हे, हे साधं वाक्य मी आमच्या घरात दोन वर्षं ओरडून सांगतो आहे. त्यावर सौ.चं उत्तर ठरलेलं: "ओरडू नका, आणि जरा ती कांद्याची गोणी आत सरकवा."

छोट्या गाडीच्या पाठीशी देवाने, म्हणजे कंपनीने, दोन-तीन सुटकेसांपुरती एक खोबण दिलेली असते. ती कशासाठी? आमच्या नाशकात ती लासलगावच्या कांद्यांसाठी, व्याह्यांकडे पोचवायच्या द्राक्षांच्या पेट्यांसाठी आणि पाहुणे आले की वणीच्या गडावर न्यायच्या सतरंजीसाठी असते. या सगळ्याच्या खाली एक पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्याखाली स्टेपनी, जॅक, पाना आणि तो लाल त्रिकोण. म्हणजे अडगळ दिवाणखान्यात आणि देव्हारा तळघरात! सीएनजीवाल्यांचं तर बोलायलाच नको. त्यांची डिकी सिलिंडरने आधीच बळकावलेली असते. उरलेल्या फटीत जे काही मावतं, ते संकटकाळी हाताला लागेलच असं नाही.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत ठाण्याचं लग्न उरकून आम्ही रात्री परतत होतो. मी, सौ., चिरंजीव आणि सासूबाई. कसारा घाटात पाऊस आणि धुकं असं की आपल्याच गाडीचं नाक दिसेना. घाटनदेवी आता जवळ आली, असं सासूबाई म्हणाल्या आणि मागचं चाक बसलं.

डिकी उघडली. वर आहेराच्या साड्या, त्याखाली पितळी समई, मग तांदूळ, मग कुणी तरी कुणासाठी तरी दिलेलं लोणचं. मी चिरंजीवाला म्हटलं, "बॅटरी आण." तो बॉनेट उघडायला गेला. त्याच्या पिढीत बॅटरी म्हणजे मोटारीची. हातातली ती टॉर्च. ती टॉर्चही तांदळाखालीच निघाली. सासूबाई कठड्याजवळ छत्रीखाली समई पोटाशी धरून उभ्या राहिल्या. सगळं सामान रस्त्यावर आलं तेव्हा कुठे पुठ्ठा निघाला. तोवर आमच्या मागे, त्या आंधळ्या वळणावर, सावधगिरीची खूण म्हणून काय होतं? मोबाइलचा दिवा हलवणारा माझा एकुलता एक मुलगा.

एक ट्रक वळणावरून आला. हॉर्न, ब्रेक आणि माझ्या तोंडून कुलदैवताचं नाव, तिन्ही एकदम निघालं. ट्रक चार हातांवरून गेला आणि पुढे थांबला. ड्रायव्हर मालेगावचा. उतरून त्याने मला शिवी दिली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्याने फक्त विचारलं, "साहेब, तिरकोण न्हाई का?"

"आहे," मी म्हटलं. होता की! प्लॅस्टिकच्या डबीत, सील न फोडलेला.

त्याच्या क्लीनरने आधी मागे बरंच लांब, वळणाच्याही अलीकडे जाऊन दगड आणि फांद्या मांडल्या. मग चाकाला हात. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. कारकुनाच्या भाषेत सांगायचं तर खात्यावर मालमत्ता, प्रत्यक्षात बुडीत कर्ज. शेवटी ट्रकच्या ब्रेकसाठी जी हवा साठवलेली असते, तिला नळी लावून त्याने आमची स्टेपनी भरली. पैसे घेतले नाहीत. निघताना मात्र म्हणाला, "ते दगड उचला साहेब, न्हाईतर मागचा मरंल." पावसात वाकून एकेक दगड उचलताना मी जो निश्चय केला, त्याचं नाव हा लेख.

माझे विरोधक तीन प्रकारचे. पहिले म्हणतात, "कशाला अवलक्षण? संकटाची तयारी केली की संकट येतं." हेच लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात. अहो, लिंबू बांधलं तेव्हाच संकट येणार हे तुम्ही मान्य केलंत. वाद फक्त ते लिंबाने थांबवायचं की त्रिकोणाने, एवढाच. बँकांनी ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा असतो, त्यावर दमडीचं व्याज मिळत नाही. पण 'असं अभद्र का बोलता' म्हणून कुणी गव्हर्नरांना रागावल्याचं ऐकिवात नाही.

दुसरे म्हणतात, "आता फोन केला की माणूस येतो." येतो ना. माणूस दीड तासाने येतो, ट्रक दीड मिनिटाने.

तिसरे कायदा दाखवतात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असलेल्या प्रवासी गाड्यांची स्टेपनीची सक्ती काढली, हे खरं. पण आमच्या शेजाऱ्यांनी त्यातला 'स्टेपनी नको' एवढाच भाग वाचला आणि तिच्या जागी दोन घडीच्या खुर्च्या ठेवल्या. वेल्समधल्या ज्या स्टेपनी रस्त्यावरून हा शब्द आला, तिथे १९०४ साली जादा चाकाची युक्ती निघाली. विलायतेत तो शब्द आता कुणी बोलत नाही म्हणतात. आपण शब्द जपला, चाक काढून टाकलं.

उलट बाजूचे अतिउत्साहीही मला मान्य नाहीत. काच फोडायची हातोडी डिकीत ठेवणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. गाडी पाण्यात गेली तर हे मागे जाऊन ती आणणार कसे? ती पुढेच हवी, हाताशी. टॉर्चही पुढेच. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्यांचा डिंक आमच्याकडच्या मे महिन्यात वितळतो, गोळ्याही उन्हाने बिघडतात. ती दर उन्हाळ्यानंतर उघडून बघायची. जॅक आणि पाना पट्ट्याने आवळायचा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तो आपल्याआधी नाशकात पोचेल. बाकी त्रिकोण, टोचनाचा दोर, जंपर केबल हे सगळं एका पिशवीत, दारालगत, कांद्यांच्या वर. स्टेपनीची हवा दर महिन्याला, इतर चार चाकांबरोबर. पाचवं चाक सावत्र नाही.

दसऱ्याला मी गाडीपुढे जॅक आणि त्रिकोण मांडून हळद-कुंकू वाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "शस्त्रांची पूजा असते." मी म्हटलं, "मग हे काय आहे?" त्या क्षणभर थांबल्या आणि त्रिकोणावर दोन अक्षता त्यांनी स्वतः टाकल्या. कठड्याजवळची ती रात्र त्याही विसरल्या नसाव्यात. सौ. अजून विचारते, कांदे कुठे ठेवायचे. मांडीवर, असं मी सांगतो, आणि मग मी गाडी चालवतो व ती बोलत नाही.

खुर्च्यावाल्या शेजाऱ्यांची बॅटरी मागच्या महिन्यात बसली. "तुमच्याकडे असेलच म्हणा," असं हसत म्हणून ते माझी जंपर केबल घेऊन गेले. ती अजून आली नाही. त्यांच्या डिकीत आहे, असं त्यांच्या चिरंजीवांकडून कळलं. त्या दोन खुर्च्यांखाली.