ढोल वाढले म्हणजे धोका वाढतो का?

परवा मामेभावाशी पुन्हा एकदा वाजलं. विषय नेहमीचाच, 'मिशन: इम्पॉसिबल'. त्याचं म्हणणं, २०१८ च्या 'फॉलआउट'चं पार्श्वसंगीत या मालिकेतलं सर्वोत्तम. कारण काय, तर "थिएटरमध्ये खुर्ची हलते रे!" खुर्ची तर एसटीतही हलते. :) तेव्हा चिडल्यामुळे नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

सुरुवात मुळापासून. १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर ही मालिका आली तेव्हा तिची धून लालो शिफ्रिन यांनी बांधली. ब्युनॉस आयर्समध्ये जन्मलेला हा संगीतकार २०२५ मध्ये गेला. या धुनेची सगळी गंमत पाच मात्रांच्या हिशेबात आहे. ज्यांनी घरात तबला ऐकलाय त्यांनी अर्ध्या मात्रा धरून दहा मोजून बघा: ३-३-२-२. आपला झपतालही दहाचाच, पण त्याचे विभाग २-३-२-३. चाराच्या सवयीचा पाय इथे प्रत्येक आवर्तनात अडखळतो. काहीतरी हातातून निसटतंय असं जे वाटतं ना, ते तिथून येतं. ते शिफ्रिन यांनी हिशेबात लपवलंय, आवाजात नाही.

१९९६ च्या पहिल्या चित्रपटाचं संगीत डॅनी एल्फमन यांचं. त्याच वेळी यू-टू बँडच्या दोघांनी, ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी, ही धून नाचायला सोयीची म्हणून बहुतेक चार मात्रांत बसवली. ती गाजलीही. पण पाय अडखळायचा थांबला, मग उरलं काय? आणि त्याच चित्रपटात टॉम क्रूझ दोरीला लटकून त्या पांढऱ्या खोलीत उतरतो तेव्हा संगीत जवळजवळ नाहीच. फक्त एक घामाचा थेंब. थिएटरभर लोक श्वास रोखून बसले होते. ढोल कुठे होते तेव्हा?

२००० साली हान्स झिमर यांनी फ्लमेंको गिटार आणली. २००६ आणि २०११ मध्ये मायकल जियाकिनो आले. त्यांच्यावर माझा एक राग आहे. मुंबई आली की सतार! लोकलमध्ये सतार वाजवणारा कोणी बघितलाय का? पण त्यांनी शिफ्रिन यांची धून आदराने हाताळली, म्हणून माफ.

आता खरा मुद्दा. २०१५ चा 'रोग नेशन', संगीतकार जो क्रेमर. व्हिएन्नाच्या ऑपेरात पुचिनीचा 'तुरांदोत' चालू आहे आणि मारेकरी एका ठरलेल्या सुरावर गोळी झाडणार आहे. हा प्रसंग इथेच संपला असता. पण क्रेमर यांनी त्यातल्या 'नेस्सुन दोर्मा'ची चाल उचलली आणि पुढे इल्साच्या प्रसंगांत हळूच विणली. ती दिसली की ते सूर येतात, आणि ती शत्रू की मित्र हे आपण संवादांआधी कानांनी शोधू लागतो. पार्श्वसंगीताने करायचं काम ते हेच.

'फॉलआउट'ला दिग्दर्शक तोच, पण संगीतकार बदलला: लॉर्न बाल्फ. प्रामाणिकपणे सांगतो, बाल्फ यांना धून कळते, आणि त्यांच्या बाँगोंचा ठेका झिंग आणतो. पण पाठलाग, मारामारी, हेलिकॉप्टर, सगळीकडे तोच मारा. डोळे मिटून ऐकलं तर पडद्यावर कोण आहे हे सांगता येत नाही. अडीच तास सगळेच जोरात बोलत असतील तर महत्त्वाचं कुणाचं?

"हल्ली सगळीकडे असंच असतं," हा मामेभावाचा शेवटचा बचाव. असतंच! कारण संकलन करताना आधीच्या एखाद्या यशस्वी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. महिनोन्महिने तेच कानावर पडून दिग्दर्शकाला आवडायला लागतं, आणि मग नव्या संगीतकाराला सांगतात, "असंच काहीतरी द्या." त्याने दिलं की पुढच्या चित्रपटात तेच तात्पुरतं म्हणून लागतं. सगळीकडे आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही, आळस पसरलाय एवढंच कळतं.

आणि नुकसान आपलंच होतंय. मोठा आवाज म्हणजे मोठा प्रसंग ही सवय कानाला लागली की बारीक काही ऐकूच येत नाही. आमच्या गल्लीतल्या मिरवणुकीचं डीजेने काय केलं ते आठवा.

असो. मामेभावाला सांगून ठेवलंय, येत्या रविवारी मामीकडे दोन्ही चित्रपटांचं संगीत पडदा बंद ठेवून ऐकायचं. ऐकून झाल्यावर दोन्हींतली एकेक चाल गुणगुणून दाखव म्हणावं. 'फॉलआउट'ची शिफ्रिन यांची मूळ धून सोडून दुसरी जमली, तर चहा माझ्याकडून.